बावन्न वर्षांचा फलंदाज : प्रा. दि. ब. देवधर



१९४४ साली रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राची गाठ नवानगरशी पडली. नवानगर म्हणजे आपल्या गुजरातमधले आजचे जामनगर. ज्यांच्या नावाने हा करंडक दिला जातो त्या रणजितसिंहजींचे हे संस्थान, आणि १९३६-३७ च्या हंगामातला विजेता संघ. त्या सामन्यात महाराष्ट्राच्या एका फलंदाजाने दोन डावांत १०५ आणि १४१ धावा काढल्या. एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतक हा पराक्रम कोणत्याही वयात मोठाच. पण या फलंदाजाचे वय त्या वेळी ५२ होते. डोक्यावर शिरस्त्राण नाही, कारण ते क्रिकेटमध्ये यायला अजून तीस-पस्तीस वर्षे होती. समोर मात्र त्याच्या निम्म्या वयाची मुले गोलंदाजी करत होती.

हा फलंदाज म्हणजे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. आपल्या मंडळातल्या तरुण मुलांना देवधर करंडक हे नाव ऐकून माहीत असते, पण त्या नावामागचा माणूस फारसा माहीत नसतो. त्यांची ओळख करून द्यावी, आणि त्या निमित्ताने वय वाढते तेव्हा खेळाडूच्या शरीराचे काय होते हेही थोडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकडे जरा जास्त येतील, तेवढे सांभाळून घ्यावे.

पुण्याचा प्राध्यापक

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास, पुण्यात झाला. त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने शिकावे आणि नोकरी धरावी अशी अपेक्षा असे. खेळ हा संस्थानिकांचा आणि साहेबांचा. देवधरांनी दोन्ही केले. ते संस्कृत शिकले, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले, आणि क्रिकेटही सोडले नाही. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नसे. वर्गात शिकवायचे आणि मग मैदानावर जायचे, असा त्यांचा आयुष्याचा क्रम होता.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ते १९११ साली उतरले, तेव्हा वयाची वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या काळी मोठे क्रिकेट म्हणजे मुंबईत होणारे जमातवार सामने. युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे संघ, आणि १९१२ पासून मुस्लिम संघही. देवधर हिंदू संघाकडून खेळत. शेवटचा प्रथम श्रेणी सामना ते १९४८ साली खेळले. मधल्या ३७ वर्षांत दोन महायुद्धे होऊन गेली आणि देश स्वतंत्र झाला. पहिल्या महायुद्धाआधी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, अशा दोन्ही काळांत प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेली माणसे जगात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत हे एक.

त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा मानाचा प्रसंग डिसेंबर १९२६ चा. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सी. के. नायडू यांनी हिंदू संघाकडून खेळताना या पाहुण्यांना बेदम चोपून १५३ धावा केल्या होत्या. त्यानंतर मुंबई जिमखान्याच्या मैदानावर अखिल भारतीय संघ उतरला आणि त्याच्याकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. हिंदी माणसे इंग्लंडहून आलेल्या संघापुढे बरोबरीने उभी राहू शकतात, हे या खेळ्यांनी दाखवून दिले. गिलिगन यांनी भारताने स्वतःचे नियामक मंडळ उभारावे म्हणून प्रोत्साहन दिले, आणि १९२८ साली ते मंडळ स्थापन झाले. त्यातूनच कसोटी क्रिकेटची वाट मोकळी झाली.

शतक काढले तेव्हा देवधर ३४ वर्षांचे होते. फलंदाज म्हणून ते ऐन भरात होते, पण देशाचे कसोटी क्रिकेट अजून सुरूच झाले नव्हते.

वयाचा रकाना

भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाली. नायडूंनी नेतृत्व केले, ते ३६ वर्षांचे होते. भारताकडून पहिला चेंडू जनार्दन नवले यांनी खेळला. देवधर त्या दौऱ्यावर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती. पुढे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली, तीही मुंबई जिमखान्यावरच. ज्या मैदानावर देवधरांनी १४८ धावा काढल्या होत्या, त्याच मैदानावर लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक केले. तेव्हा देवधर ४१ वर्षांचे होते. ते संघात नव्हते, आणि पुढेही कधी आले नाहीत. देवधर आयुष्यात एकही कसोटी सामना खेळले नाहीत.

नोकरीत प्रत्येकाच्या सेवापुस्तकात जन्मतारीख पहिल्याच पानावर असते. साठ वर्षे पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरीस माणूस निवृत्त होतो. त्याचे काम चांगले की वाईट, हा प्रश्न तिथे येत नाही, आणि हजारो माणसांच्या कारभारात तसा नियम असावाही लागतो. खेळात असा छापील नियम नसतो, पण निवड करणाऱ्यांच्या मनात तो असतोच. चाळिशीच्या फलंदाजावर चार वर्षांनंतरचा भरवसा कोण ठेवणार?

हा प्रश्न चुकीचा नाही. म्हणून वय शरीराचे नेमके काय करते, ते आधी नीट पाहू.

शरीराचा हिशेब

वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने येतो असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत त्याला साधारण साडेसतरा-पावणेअठरा मीटर जायचे असते. हिशेब केला तर फलंदाजाच्या हातात अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ उरतो, साधारण ०.४५ सेकंद. काही दिसल्यावर हात हलायला निरोगी तरुण माणसालाही सुमारे ०.२ सेकंद लागतो. उरलेल्या वेळात पाय हलवायचे आणि बॅट फिरवायची.

वय वाढले की ही प्रतिक्रिया मंदावते. विशीतला माणूस आणि पन्नाशीतला माणूस यांच्यातला फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचाच असतो. घरात, बाजारात, अगदी गाडी चालवतानाही तो सहसा जाणवत नाही. पण दोन शतांश सेकंदांत तो चेंडू पाऊण मीटरहून जास्त, म्हणजे अडीच फूट पुढे येतो. तरुणपणी जो फटका बॅटच्या मधोमध बसायचा, तो कडेला लागतो किंवा पूर्ण चुकतो.

डोळ्यांचेही तसेच. चाळिशीत जवळचे अक्षर दिसेनासे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याबरोबर बाहुली लहान होत जाते, डोळ्यात उजेड कमी शिरतो, आणि फिकट रंगांतला फरक ओळखणे अवघड होते. संध्याकाळच्या अंधूक उजेडात लाल चेंडू मागच्या झाडांत मिसळून जातो. स्नायूंतले झटक्याने आकुंचन पावणारे तंतू आधी घटतात, त्यामुळे माणसाची ताकद टिकते पण चपळाई जाते. आणि आज लागलेला मार भरून यायला विशीत दोन दिवस लागत असतील, तर पन्नाशीत आठवडा लागतो.

आपल्या सुरतेत हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. हिऱ्याच्या घंटीवर बसणारा रत्नकलाकार किंवा लूमवर तुटलेला धागा पकडणारा कारीगर चाळिशी उलटली की हेच अनुभवतो. पूर्वी सहज दिसणारी गोष्ट दिसायला भिंग जवळ घ्यावे लागते. आणि मजुरी नगावर असेल तर वयाचा हिशेब थेट पगारात उतरतो.

मुष्टियुद्धातले दोन दाखले

वयाचा हा हिशेब सर्वांत निर्दयपणे मांडला जातो तो मुष्टियुद्धात, आणि त्यातही हेवीवेट गटात. क्रिकेटमध्ये चूक झाली तर फलंदाज बाद होतो. तिथे चूक झाली तर तोंडावर ठोसा बसतो, आणि तो मारणारा माणूस शंभर किलोंचा असतो.

महंमद अली तरुणपणी हात खाली ठेवून लढायचे. गुरू शिकवतो ते याच्या अगदी उलट. पण ठोसा येताना दिसला की अली डोके मागे घ्यायचे आणि तो इंचभर अंतरावरून निघून जायचा. हे सगळे डोळे आणि पाय यांच्या भरवशावर चालायचे. पुढे पाय जड झाले, तसे त्यांनी डावपेच बदलले. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमनविरुद्ध ते दोरांना टेकून अंग झाकून उभे राहिले, फोरमनला ठोसे मारू दिले, आणि तो दमल्यावर आठव्या फेरीत त्याला पाडले. अली तेव्हा ३२ वर्षांचे होते. पण दोरांना टेकून लढायचे म्हणजे मार खायचा, आणि त्याची किंमत शरीराला चुकती करावी लागते. ऑक्टोबर १९८० मध्ये ३८ वर्षांचे अली लॅरी होम्ससमोर उभे राहिले, तेव्हा ठोसा येताना दिसत होता पण शरीर हलत नव्हते. दहाव्या फेरीनंतर त्यांच्या बाजूच्या माणसांनीच लढत थांबवली. १९८४ साली त्यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले.

किन्शासात हरलेल्या फोरमनची गोष्ट वेगळी. १९७७ साली त्यांनी खेळ सोडला आणि दहा वर्षांनी, जाड आणि मंद होऊन, ते परत आले. लोक हसले. पण आता ते धावत सुटत नसत. हात आडवे धरून अंग झाकायचे, जागा सोडायची नाही, डाव्या हाताचा सरळ ठोसा मारत राहायचे आणि वाट पाहायची. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांच्या फोरमननी २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने पाडले आणि जगज्जेतेपद मिळवले. त्या लढतीत तोपर्यंत गुणांवर ते मागेच होते. वेगाच्या स्पर्धेत ते जिंकू शकत नव्हते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते.

या दोन दाखल्यांतून एक गोष्ट दिसते. जो खेळाडू केवळ चपळाईवर उभा असतो त्याला वय लवकर गाठते. ज्याने हालचाल कमी करून अंदाज वाढवला, त्याला थोडी जास्त वर्षे मिळतात. पण मुष्टियुद्धात ही सवलत फार थोडी. क्रिकेटमध्ये ती जास्त आहे, आणि देवधरांनी ती पुरेपूर वापरली.

नजर आणि अंदाज

मोठ्या फलंदाजाची प्रतिक्रिया सामान्य माणसापेक्षा जलद असते असा आपला समज असतो. ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासून पाहिले. टप्पा पडल्यावर चेंडू अचानक वळला, तर कसोटी खेळाडूलाही फटका बदलायला साधारण ०.२ सेकंद लागतात. हौशी खेळाडूलाही तेवढेच. मग फरक कशात? तर चेंडू कुठे पडणार हे मोठा फलंदाज आधीच ओळखतो. गोलंदाजाची धाव, खांदा, मनगट आणि चेंडू सुटण्याची जागा यांवरून तो पुढचा अंदाज बांधतो. हे वाचन हजारो चेंडू खेळून येते. प्रतिक्रिया वयाबरोबर घटते, पण वाचन वाढत जाते. काही वर्षे या दोहोंची बेरीज फायद्यात राहते.

इंग्लंडचे जॅक हॉब्ज याचे जगप्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या प्रथम श्रेणीतल्या शतकांपैकी जवळजवळ निम्मी त्यांनी चाळिशीनंतर काढली, आणि १९२९ साली मेलबर्नला ४६ व्या वर्षी कसोटी शतकही केले. आपले नायडू वयाच्या ६१ व्या वर्षी उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळत होते. अशा फलंदाजांना काही फटके सोडून द्यावे लागतात. उसळत्या चेंडूवर कानाजवळून मारायचा हूक हा तरुण डोळ्यांचा फटका आहे. वयस्क फलंदाज बॅट कमी उचलतो, चेंडू अंगाजवळ येऊ देतो, सरळ खेळतो, आणि कोणता चेंडू सोडायचा हे त्याला पक्के कळते. धावा थोड्या उशिरा येतात, पण येतात.

आता देवधरांचे आकडे या दृष्टीने पाहा. रणजी करंडक १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. म्हणजे रणजी सामन्यांतली त्यांची झाडून सगळी धावसंख्या चाळिशीनंतरची आहे. जे वय बघून त्यांना वगळले गेले, त्याच्या पुढची. एकूण कारकिर्दीत ८१ प्रथम श्रेणी सामने, ४५२२ धावा, ९ शतके आणि ३९.३२ ची सरासरी. १९११ ते १९४८ अशा लांब काळात ८१ सामने म्हणजे वर्षाला दोनाहून थोडे जास्त. आजचे खेळाडू तेवढे दोन महिन्यांत खेळतात. सराव मोडायला आणि डोळा सैल पडायला एवढे अंतर पुरेसे होते. तरी त्यांनी ते मोडू दिले नाही.

कर्णधार

देवधरांच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरची दोन वर्षे महाराष्ट्राच्या क्रिकेटमधली सर्वांत मोठी ठरली. १९३९-४० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने पुण्यात अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा पराभव केला आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी मद्रासला जाऊन मद्रासचा पराभव केला आणि तो राखला. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राच्या संघाला हा करंडक पुन्हा जिंकता आलेला नाही. ज्या दोन वेळा तो आला त्या दोन्ही वेळा कर्णधार एकच होता.

त्यांच्या संघात सांगलीचे विजय हजारे होते. १९३९-४० च्या हंगामात हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. हजारे तेव्हा चोवीस वर्षांचे. पुढे ते बडोद्याकडून खेळले, आणि १९५२ साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा भारताचे कर्णधार तेच होते. रंगा सोहोनींसारखे तरुणही याच संघात होते, आणि तेही पुढे कसोटी खेळले. तरुणांनी धावावे आणि म्हाताऱ्याने डोके चालवावे, असा सोपा वाटा मात्र या संघात नव्हता, कारण कर्णधार स्वतः धावा काढतच होता.

१९४०-४१ च्या हंगामात पुण्यात मुंबईविरुद्धचा सामना झाला. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिले. त्या काळी मुंबईचा संघ म्हणजे खेळाचे माहेरघर, विजय मर्चंट यांच्यासारखे फलंदाज तिथे होते. त्या ६७५ धावांपैकी २४६ धावा एकट्या देवधरांच्या. ती त्यांच्या आयुष्यातली सर्वोच्च खेळी ठरली. पंचविशीतल्या खेळाडूची सर्वोच्च खेळी पंचविशीतच येते, हा आपला समज. यांची अठ्ठेचाळिशी उलटल्यावर आली. अडीचशेच्या घरात धावा काढायला केवळ नजर पुरत नाही. तासन्‌तास उभे राहावे लागते, दुसऱ्याच्या धावाही धावाव्या लागतात. जलद स्नायू घटले तरी दम टिकतो, असे वर म्हटले ते इथे दिसते.

या यशाला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगायला हवी. देशांतर्गत सामन्यांत प्रत्येक षटकाला महंमद निसारसारखा वेगवान गोलंदाज समोर नसे. कसोटीत रोज असा मारा खेळावा लागला असता, तर पन्नाशीच्या डोळ्यांना तो झेपला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण १९३२ साली ते चाळिशीचे होते, पन्नाशीचे नव्हते. आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत त्यांनी जे केले, ते पाहता जन्मतारखेवरून केलेला अंदाज फार घाईचा होता, एवढे नक्की म्हणता येते.

थांबणे आणि टिकणे

१९४४ च्या त्या दोन शतकांनंतर चार वर्षांनी, ५६ व्या वर्षी, देवधरांनी प्रथम श्रेणीचे क्रिकेट थांबवले. पण खेळाशी नाते तुटले नाही. ते महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, भारतीय नियामक मंडळाचे उपाध्यक्ष होते, आणि राष्ट्रीय निवड समितीवरही त्यांनी काम केले. म्हणजे ज्या खुर्चीवरून एकेकाळी त्यांचे वय पाहिले गेले, त्याच खुर्चीवर बसून दुसऱ्या खेळाडूंचे वय पाहायची पाळी त्यांच्यावर आली.

खेळ त्यांच्या घरातही उतरला. त्या काळी मुलींनी रॅकेट घेऊन मैदानात उतरणे सहज मानले जात नसे. तरी तारा, सुमन आणि सुंदर या त्यांच्या तिन्ही मुलींनी चाळीसच्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. चार भिंतींच्या घरात बापाने स्वतः पन्नाशीपर्यंत मैदान सोडले नाही, म्हणून मुलींसाठीही ते खुले राहिले असावे.

१९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ साली पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने आंतरविभागीय मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली, तोच हा देवधर करंडक. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेला आणि शंभरी पाहिलेला हा पहिला भारतीय. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९९६ साली टपाल खात्याने नायडू, मर्चंट आणि विनू मांकड यांच्याबरोबर त्यांचेही तिकीट काढले. या चौघांत एकही कसोटी न खेळलेले ते एकटेच.

आपल्यासाठी

आपल्या मंडळात दोन पिढ्या एकत्र बसतात. खानदेशातून, पुण्या-साताऱ्याकडून, कोकणातून आलेली माणसे इथे आयुष्यभर राबली आणि आता त्यांची मुले घर चालवतात. अनेक घरांत एकच वाद असतो. मुलगा म्हणतो, बाबा, आता बसा. बाबांना वाटते, अजून हात चालतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, म्हणूनच तो वाद मिटत नाही.

देवधरांच्या आयुष्यातून याला एक उत्तर मिळते, पण ते एका बाजूचे नाही. मुलांसाठी त्यात हे आहे की वडिलांची जन्मतारीख पाहून निकाल देऊ नका, ते आज काय करू शकतात ते पाहा. वडिलांसाठी हे आहे की काल जे फटके मारत होतो तेच आज मारायचा हट्ट धरू नका. हूक सोडून द्या, सरळ खेळा. ज्याला डोळा लागतो ते काम तरुणाकडे द्या, ज्याला अंदाज लागतो ते आपल्याकडे ठेवा. अलींनी हात खाली ठेवण्याची जुनी सवय वय झाल्यावरही पुरती सोडली नाही, त्याची शिक्षा त्यांना मिळाली. फोरमन स्वतःच्या मंदपणाशी समजुतीने वागले आणि जिंकले. देवधर तर शेजारी हजारे-सोहोनींसारखे तरुण घेऊनच खेळले.

मंडळाच्या कारभारालाही हे लागू आहे. पदे अडवून बसणारे ज्येष्ठ आणि ज्येष्ठांना केवळ सत्कारापुरते बोलावणारे तरुण, दोन्ही प्रकार आपण पाहतो. कर्णधारपद, निवड समिती, संघटनेचे अध्यक्षपद, या देवधरांच्या पुढच्या पायऱ्या होत्या. अनुभवाला जागा मिळाली, आणि धावायचे काम ज्यांचे त्यांनी केले.

पुढच्या क्रीडा महोत्सवात आपल्याकडे ज्येष्ठांचा सामना ठेवला जाईल, तेव्हा मैदानावर उतरणाऱ्या काकांकडे पाहून मुलांनी हसावे, हसायला हरकत नाही. पण आउट झाल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसावे, आणि गोलंदाजाचा खांदा पाहून चेंडू कसा ओळखायचा ते विचारावे. ते सांगता येणारी माणसे आपल्यात आहेत. ज्या कुटुंबांत आजोबांनी देवधरांचा खेळ पुण्याला प्रत्यक्ष पाहिलेला असेल, त्यांनी त्या आठवणी लिहून मंडळाकडे जरूर पाठवाव्यात. ते सामने पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे.